निवृत्तीनंतरचे जलरंग आणि कपाटातला महागडा कागद

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झाले. चिपळूणला राहते. चित्रं काढायची आवड लहानपणापासूनची, पण नोकरी, वह्यांचे गठ्ठे, निवडणुकीची ड्युटी, मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण यात ती फळ्यावर नकाशे काढण्यापुरती उरली होती. आता सकाळची कामं उरकली की पडवीत टेबल मांडून जलरंग करत बसते. समोर परसातला जांभ्याचा गडगा, त्यापलीकडे पोफळी, मागे डोंगर. विषय शोधायला कुठे जावं लागत नाही.

अडचण अशी, की मी वापरते ती दुकानात मिळणारी मुलांची चित्रकलेची वही. पाणी लागलं की कागद फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. आभाळाचा निळा सपाट लावायला जावं तर पट्टे उठतात. त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवला की कागदाची साल निघते. यूट्यूबवर बघते तर तोच रंग, तेवढंच पाणी, आणि त्यांचं आभाळ मात्र एका दमात खाली उतरतं.

मुलीने पुण्याहून दोन मोठे ताव पाठवलेत. शंभर टक्के कॉटन, 300 जीएसएम, म्हणजे चांगला जाड. एका तावाची किंमत आमच्या महिन्याच्या वर्तमानपत्राच्या बिलाहून जास्त. ते गुंडाळी करून कपाटात ठेवलेत. आयुष्यभर मुलांना कागद वाया घालवू नका म्हणून सांगितलं. आता शिकाऊ हाताने एवढा भारी कागद खराब करायचा हे मनाला पटत नाही. आधी साध्या कागदावर हात बसवावा आणि मग तो बाहेर काढावा असं माझं मत. मुलगी म्हणते, बरोबर उलटं करायला हवं. जाणकारांनी सांगावं.

पिंपळपान

वापरा. आजच.

खडूफळा

वाशिष्ठीताई, तुमचं बरोबर आहे, मुलीचं नाही.

मी चित्रकला शिक्षक, अजून नोकरीत आहे. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवतो. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं साध्या ड्रॉइंग पेपरवर होतं. त्याच कागदावर सराव करून मुलं ए ग्रेड आणतात आणि पुढे कला महाविद्यालयात जातात. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ वाकडं येत असेल तर ते भारी कागदावरही वाकडंच येणार. छायाप्रकाश दिसायला लागला पाहिजे, तो दिसतो पेन्सिलीने. गडग्यावर ऊन कुठून पडलंय, सावली कुठे सर्वांत गडद आहे, हे पाहायला दोन रुपयांचा कागद पुरतो.

हल्ली बरीच मंडळी आधी सामान जमवतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे माझ्या शाळेच्या कलादालनात नाहीत इतके ब्रश आहेत. आधी हात, मग सामान.

ओला_ब्रश

खडूफळा सर, रेखाटनाबद्दल पूर्ण सहमत. पण ताईंची तक्रार रेखाटनाची नाहीच, पाण्याची आहे.

चित्रकलेच्या वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि पातळ असतो. त्याचे तंतू आखूड. ओले झाले की एकमेकांना सोडतात, म्हणून साल निघते. कापसाचे तंतू लांब असतात आणि ओले झाले तरी धरून राहतात. त्यावर ओल्या ब्रशने घासून रंग परत उचलता येतो, चुकलेली कड मऊ करता येते.

दुसरी गोष्ट कागदाला दिलेली खळ. चांगल्या जलरंग कागदात ती बाहेरून आणि आतूनही असते. तिच्यामुळे रंग झटकन मुरत नाही, काही मिनिटं वरच ओला राहतो. जलरंगाची सगळी करामत त्या मिनिटांत. आभाळ रंगवताना बोर्ड थोडा तिरका धरतात. प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब जमतो आणि पुढच्या फटकाऱ्याने तोच थेंब खाली ओढत न्यायचा असतो. कागदाने तो थेंब पिऊन टाकला तर पट्टा उठणारच. जलरंगातल्या नामवंत मिलिंद मुळीकांनी रंगवलं तरी तिथे पट्टाच उठेल.

म्हणून मला वाईट याचं वाटतं, की साध्या कागदावर ताईंचा हात बरोबर पडत असेल तरी तो बरोबर पडतोय हे त्यांना कळायला मार्ग नाही. माणूस तीन-चार महिने असा झगडतो आणि 'आपल्याला जमत नाही' म्हणून रंग आवरून ठेवतो. असे किती जण पाहिलेत.

आता हिशेब. मोठा ताव 22 बाय 30 इंचांचा असतो. त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येक साडेसात बाय अकरा, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. दोन तावांचे सोळा. कॉटन कागद पाठपोट वापरता येतो, म्हणजे बत्तीस चित्रं. कात्री लावू नका. घडी घालून नखाने पक्की करा, दोन्हीकडे दुमडा, आणि पट्टी धरून फाडा. कडा छान सुटतात.

खर्चाचा क्रम माझ्या मते कागद, मग एक चांगला गोल ब्रश, मग रंग. रंग तुमचे कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूबचे असले तरी चालतील.

पिंपळपान

पाठपोट! बाई, वर्गात वह्या दोन्ही बाजूंनी लिहायला लावत होताच ना? आता ताव काढा. (हलके घ्या.)

वऱ्हाडी_ऊन

मी अकोल्याचा. ओला_ब्रश यांनी म्हटलेली ती 'काही मिनिटं' आमच्याकडे मे महिन्यात नसतात. ब्रश डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत डावी बाजू वाळलेली. मी पहाटे सहाला गच्चीवर बसतो आणि कागद दोन्ही बाजूंनी ओला करून प्लायवर चिकटवतो, तेव्हा कुठे आभाळ होतं. स्प्रेची बाटली बाजूला लागतेच.

चिपळूणला पावसाळ्यात बरोबर उलटा त्रास होत असेल. एक थर वाळायला दुपार जात असेल.

वाशिष्ठी

हो, अगदी तेच! सकाळी आभाळ रंगवलं तर जेवणं उरकेपर्यंत ओलंच. घाई करून वर झाडं काढायला गेलं की हिरवा रंग आभाळात पसरतो आणि त्याला नक्षीदार कड येते.

ओला_ब्रश

ती कड येते कारण अर्धवट ओल्या रंगावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला जातो. नवं पाणी आधीच्या रंगाचे कण ढकलत कडेला नेऊन ठेवतं. नियम सोपा आहे: कागदावर चमक असेपर्यंत काम करा, चमक गेली की हात मागे, थेट वाळल्यावरच पुन्हा. मधल्या वेळात घालायचंच असेल तर ब्रशवर रंग दाट आणि पाणी कागदावर आहे त्यापेक्षा कमी. तुमच्या हवेत दोन चित्रं एकाच वेळी चालू ठेवा, एक वाळतंय तोवर दुसरं.

शिरोड्याचो

बाई, कागद कपाटात ठेवल्यात तर पावसात कुजान जातलो. आता नीट मराठीत लिहितो, कारण हे कुणीच बोललेलं नाही.

दमट हवेत कागदाची खळ मरते. वरून कागद पांढराशुभ्र दिसतो, पण रंग लावला की ठिकठिकाणी टिपकागदासारखा शोषून घेतो आणि गडद ठिपके उमटतात. ते कशानेही जात नाहीत. माझ्या काकांनी मुंबईहून आणलेला भारी कागद 'चांगल्या चित्रासाठी' म्हणून लाकडी पेटीत जपला होता. दोन पावसाळ्यांनी काढला तेव्हा त्यावर आभाळ काढणं अशक्य झालं होतं. वर तपकिरी डागही पडले होते. शेवटी त्यावर पेस्टलची कामं केली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोकणापुरतं तरी हवामानानेच दिलंय. जपलेला कागद इथे जपला जात नाही.

तपासायचं कसं: कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा सपाट हात द्या आणि तिरप्या उजेडात बघा. सगळीकडे सारखी चमक टिकली तर कागद शाबूत. जिथे पाणी लगेच नाहीसं होऊन डाग दिसेल तिथली खळ गेली. शाबूत असेल तर आजच तुकडे करून झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच नको.

खडूफळा

शिरोड्याचो, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी घाटावरचा, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तरी रेखाटनाचं म्हणणं मी सोडत नाही.

वाशिष्ठी

वाचल्यावर लगेच उठून ताव काढले. आतल्या तावाचा कोपरा ठीक आहे. बाहेरच्याची गुंडाळीची कड कपाटाच्या मागच्या फळीला टेकली होती. तिथे हाताएवढ्या पट्ट्यात पाणी लगेच मुरतं. बाकीचा भाग चांगला वाटतोय. शिरोड्याचो, तुमचे फार आभार. आणखी एक पावसाळा गेला असता तर दोन्ही ताव हातचे गेले असते.

चैत्रपालवी

छान धागा, वाचतेय. एक शंका. ही खळ जिलेटिनची असते असं ऐकलंय, आणि ब्रश खारीच्या केसांचे. आमच्याकडे सगळे शाकाहारी, आईला चित्रं काढायची आहेत पण हे कळल्यापासून ती अडून बसलीय.

ओला_ब्रश

बरोबर ऐकलंय. आर्चेस आणि सॉन्डर्स वॉटरफर्ड या कागदांना जिलेटिनची खळ असते. आर्चेस ओला केला की एक वास येतो, तो त्याचाच. पण फाब्रियानोच्या आर्टिस्टिको कागदात प्राणिजन्य काही वापरत नाहीत, तो कॉटनचाच आहे. ब्रशही उत्तम सिंथेटिक मिळतात, पाणीही बऱ्यापैकी धरतात. आईंना बसवा कामाला.

चैत्रपालवी

चातुर्मासाच्या आत प्रश्न सुटला! धन्यवाद.

गोदाकाठ

बँकेतून निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झालो, तेव्हापासून गोदाघाटावर बसून जलरंग करतो. आमच्या गावाला जलरंगांची परंपरा मोठी. शिवाजी तुपे सरांनी हा घाट, इथली देवळं, आठवडी बाजार रंगवले, आणि आजचे प्रफुल्ल सावंत याच घाटावर घडले. त्यामुळे इथे रंग घेऊन बसलं की लोक वेडा समजत नाहीत, उलट भाजीवाली मावशी सावलीत जागा करून देते.

ताई, पडवी उत्तमच, पण जमेल तेव्हा बाहेर जा. उन्हाची सावली तासाभरात सरकते, त्यामुळे काय सोडायचं हे लगेच ठरवावं लागतं. रामकुंडावरची गर्दी मी आधी माणूस-माणूस काढायचा प्रयत्न करत असे. आता रंगाचे पाच-सहा ठिपके, वर डोक्यांचे टिंब, खाली पाण्यात उतरलेली त्यांचीच ओली सावली. गर्दी तयार होते. फोटोवरून काढताना हे सुचत नाही, कारण फोटो सगळंच दाखवतो.

कधी वाईला आलात तर मेणवलीचा घाट सोडू नका. काळा दगड, पिंपळाची सावली, कृष्णेचं पाणी आणि नाना फडणवीसांचा वाडा. सकाळी नऊच्या आत बसायचं.

सुट्टीचा_अर्ज

विकता का हो चित्रं? आमच्या मामांना निवृत्तीनंतर सगळे हाच एक प्रश्न विचारतात. 'किती मिळतात एका चित्राचे?'

गोदाकाठ

कुणी मागितलं तर देतो. पेन्शन येते, पोट त्यावर आहे. चित्रावर पोट ठेवलं नाही म्हणूनच मला हवं ते रंगवता येतं. पंचविशीत असतो तर हे सुख मिळालं नसतं.

नेत्रपल्लवी

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगते. साठीच्या पुढच्या सर्वांनीच वाचावी.

मोतीबिंदू हळूहळू वाढताना डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं. निळा प्रकाश त्यातून कमी पोचतो. बदल इतका सावकाश होतो की माणसाला कळत नाही, पण चित्रात उतरतो. निळे मळके वाटायला लागतात म्हणून रंगवणारा निळा जास्त घालतो, किंवा सगळं चित्र तांबूस व्हायला लागतं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं हेच झालं. 1923 साली वयाच्या 82 व्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला सगळं निळसर दिसायला लागलं, त्याची तो तक्रार करत असे.

माझ्या एका रुग्ण आजी उत्तम जलरंग करतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, दुसऱ्याच्या आधी, त्या आळीपाळीने डोळे झाकून स्वतःची जुनी चित्रं बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, माझं आभाळ कुणी बदललं?

'अलीकडे माझे रंग मळतात' असं वाटलं तर कागद, रंग, हात यांच्यासोबत डोळेही तपासून घ्या. आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंगवू नका, दिवसा खिडकीशी बसा.

पिंपळपान

हा प्रतिसाद सर्वांत वर चिकटवायला हवा.

रंकाळा

अवांतर होईल, पण राहवत नाही. जलरंग म्हणजे शाळकरी माध्यम, तैलरंग म्हणजे खरी चित्रकला, असं अजून पुष्कळांना वाटतं. त्यांनी म्हैसूरला जाऊन जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघावं. एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड, आणि तोच उजेड चेहऱ्यावर.

सुट्टीचा_अर्ज

ते राजा रवि वर्म्याचं ना? आमच्या आजीकडे कॅलेंडर होतं.

रंकाळा

नाही! हाच गैरसमज सगळीकडे आहे. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि आहे जलरंगातलं. हळदणकर मूळ सावंतवाडीचे, जन्म 1882 चा. मुंबईत दादरला त्यांची चित्रशाळा होती. हे चित्र 1940 च्या दशकातलं, म्हणजे त्यांनी साठी ओलांडल्यानंतरचं. दिवा धरून उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. नंतर त्या कोल्हापूरला राहत आणि शंभरी पार करून 2018 साली गेल्या.

जलरंगात पांढरा रंग वरून लावायचा नसतो, कागद राखून ठेवायचा असतो. ज्योतीभोवतीचा उजेड राखत राखत अंधाराकडे जाणं, आणि तेही साडीतल्या आकृतीत! साठीनंतर काय जमणार असं म्हणणाऱ्यांना मी हे चित्र दाखवतो.

आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान तर आहेतच. कोटितीर्थाच्या पाण्यावरची त्यांची निसर्गचित्रं बघितली की ऊन कागदातून येतंय असं वाटतं.

खडूफळा

रंकाळा, मनातलं लिहिलंत. हळदणकरांचं ते चित्र मी दरवर्षी वर्गात दाखवतो. मुलांना आधी विचारतो, दिव्याची ज्योत दिसतेय का? मग उजेड कुठून येतोय? ती बोटांवरून सांगतात. पाहायला शिकवणं म्हणतो ते हेच.

गोंयकार

यात आंजेलो द फोन्सेकांचंही नाव घ्यायला हवं. गोव्याचे, पण आयुष्याचा मोठा काळ पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि नऊवारीतली मारियामाता जलरंगात रंगवली. त्याकाळी गोव्यात त्यावरून मोठी टीका झाली होती. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांची पुष्कळ चित्रं आहेत. तळकोकणातल्यांना तिकडे एका दिवसात जाऊन येता येतं.

न्यूजर्सीची_लेक

आई सहा महिने आमच्याकडे आली की पहिला महिना खिडकीशी बसून कंटाळते. मागच्या वेळी इथल्या सिनियर सेंटरच्या जलरंगाच्या वर्गात घातलं. तिचं इंग्रजी जेमतेम, शेजारच्या चिनी आजींचंही तसंच. दोघी एकमेकींना ब्रश कसा धरायचा ते खुणेने सांगत. चिनी आजी ब्रश उभा धरतात, आईने ते उचललं आणि तिचे बांबू बघत राहावेत असे येतात. मला वाटतं एकट्याने यूट्यूब बघण्यापेक्षा वर्ग हवाच.

वऱ्हाडी_ऊन

वर्ग पाहून निवडा. मी एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. सर पुढे चित्र काढणार, आम्ही सगळ्यांनी फटकाऱ्याला फटकारा तेच. शेवटी वीस जणांकडे वीस सारखी चित्रं. घरी येऊन समोरचा कडुलिंब काढायला बसलो तर सुरुवात कुठून करायची ते सांगता येईना. तुमचं चित्र हातात घेऊन तुमच्याशी बोलेल असा शिक्षक शोधा.

खडूफळा

+१. वाशिष्ठीताई, तुमच्याजवळ सावर्ड्याला चित्र-शिल्प शिकवणारं महाविद्यालय आहे. तिथली मुलं निसर्गचित्रणाला आसपास फिरतात. जाऊन नुसतं त्यांच्या मागे उभं राहून बघा. वर्गात नाव घालण्याआधी एवढं करा.

वाशिष्ठी

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

ताव फाडले. पहिली घडी घालताना हात अडखळला, नंतर नाही. खळ गेलेला पट्टा वेगळा काढून त्यावर रंगांचे नमुने करून ठेवले: कुठल्या निळ्यात कुठला तपकिरी घातला की काय होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएन्नाचा राखाडी मला फार आवडला. पाऊस भरून येतो तेव्हा डोंगराचा जो रंग होतो, नेमका तोच. ट्यूबमधला काळा आता लागणार नाही.

मग चांगल्या तुकड्यावर समोरचा गडगा घेतला. ओला_ब्रश, तुम्ही म्हणालात तसा थेंब ओढत आणला आणि आभाळ पट्ट्यांशिवाय उतरलं! तेच रंग, तोच ब्रश. मग गडगा. ओला जांभा नुसता लाल नसतो हे रोज दिसतं, पण काढताना कळलं. वरच्या चिऱ्यांवर आभाळाचा उजेड पडून ते जांभळट राखाडी होतात, बाजू तांबडी राहते, आणि चिऱ्यांच्या भोकांत जवळजवळ काळा. आधी सगळ्यावर पिवळट तांबूस थर दिला, तो ओला असताना बाजूंना बर्न्ट सिएन्ना सोडला. तो आपोआप पसरला आणि चिऱ्याचा खडबडीतपणा कागदाच्या पोतानेच दिला. शेवाळ मात्र बिघडलं, फार भडक हिरवं झालं.

खडूफळा सर, तुमचं ऐकून आधी वहीत पेन्सिलीने छायाप्रकाशाचं छोटं रेखाटन केलं होतं. त्याचा उपयोग झाला. सर्वांत गडद कुठे ते आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे चित्रात धांदल झाली नाही.

शिरोड्याचो

बाई, शेवाळाला ट्यूबमधला हिरवा वापरूच नका. पिवळा ऑकर आणि अल्ट्रामरीन, त्यात किंचित बर्न्ट सिएन्ना. पावसाळ्यातलं कोकण हिरवंगार दिसतं म्हणून सगळे चित्रात हिरवा ओततात आणि चित्र प्लास्टिकचं दिसतं. हिरव्यात लाल घातल्याशिवाय आपलं कोकण येत नाही.

गोदाकाठ

चित्र इथे टाका ना, बघू द्या.

खडूफळा

ताई, रेखाटन केलंत हे वाचून बरं वाटलं. माझं मत थोडं बदलून सांगतो: पेन्सिलीचं काम स्वस्त कागदावर, पाण्याचं काम चांगल्यावर. पण माझ्या शाळेतल्या मुलांना मी कॉटन कागद कुठून आणू, हा प्रश्न उरतोच. इंटरमिजिएटच्या मुलांना वर्षातून एकदा तरी चांगल्या कागदाचा तुकडा हातात द्यावा असं हा धागा वाचताना मनात आलं. पुण्याच्या हातकागद संस्थेत चौकशी करणार आहे, तिथल्या कागदांपैकी पाणी सोसणारा कुठला ते बघतो.

ओला_ब्रश

सर, जरूर बघा. घेण्याआधी एक ताव आणून पाण्याने तपासा, कारण हातकागदाच्या सगळ्याच प्रकारांना जलरंगाला लागेल एवढी खळ नसते. आणि तुम्ही मुलांसाठी घेणार असाल तर एक ताव माझ्याकडून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

न्यूजर्सीची_लेक

माझ्याकडूनही.

वाशिष्ठी

सर, माझ्या दुसऱ्या तावाचे चार तुकडे तुमच्या मुलांसाठी. पत्ता व्यनित द्या, पावसाचं नीट प्लास्टिकमध्ये घालून पाठवते.

गोदाकाठ, चित्र टाकते, पण कागद वाळल्यावर थोडा वाकलाय, फोटो तिरका येतो. सपाट कसा करायचा?

ओला_ब्रश

चित्र पालथं घालून मागची बाजू ओल्या स्पंजने अगदी हलकी दमट करा. वर-खाली स्वच्छ कोरे कागद ठेवून सपाट टेबलावर जाड पुस्तकांखाली एक दिवस दाबा. तुमच्या हवेत दोन दिवस ठेवा, आणि मधे एकदा कोरे कागद बदला, नाहीतर बुरशी येईल.